एकशेवीसची काच

फोटो काढण्याआधी काकाजी नेहमी उजवीकडे मान वळवायचे आणि तिथल्या रिकाम्या जागेला म्हणायचे, "अवं, थोडंसं वर घे." मग क्षणभर थांबायचे. "हां. बस." आणि खटका दाबायचे.

तुमसरात ज्यांनी ज्यांनी त्यांच्यासमोरच्या लाकडी स्टुलावर बसून फोटो काढून घेतला, त्यांनी हे ऐकलेलं असणार. पासपोर्टचा फोटो असो की सोयरिकीला पाठवायचा, हे वाक्य चुकायचं नाही. पूर्वी त्या जागेवर त्यांची बायको उभी असायची. दोन्ही हातांत पांढरं कापड ताणून धरायची, म्हणजे समोरच्या बाजूच्या खिडकीतला उजेड कापडावर आपटून बसणाऱ्याच्या अंधाऱ्या गालावर पडायचा. ती वारली त्याला अकरा वर्षं झाली होती. कापड घडी करून स्टुलामागच्या कोपऱ्यात खुर्चीवर ठेवलेलं असे. वाक्य तेवढं चालू राहिलं होतं. लोक ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. एकट्या म्हाताऱ्या माणसाची सवय, दुसरं काय, असं आपण सगळेच म्हणतो तसं म्हणायचे.

मीही म्हटलं असतं. पण त्या स्टुलावर मी बसलेली आहे.

मी आंधळगावची. आमच्या घरी कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, माग आहेत. मागावर बसणारी जुनी माणसं एकेक करून कमी होत चालली, तेव्हा मी ठरवलं की एक पुस्तक करायचं. एका पानावर कापडाचा पोत, अगदी धागा न् धागा दिसेल इतक्या जवळून. समोरच्या पानावर ते कापड विणणाऱ्याचा चेहरा. त्यासाठी नागपूरच्या एका फोटोग्राफरचा वापरलेला मिडियम फॉरमॅट कॅमेरा घेतला. नेहमीच्या कॅमेऱ्यापेक्षा ह्याचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, बराच मोठा असतो. कोशाच्या धाग्यात जिथे गाठ येते, त्या गाठीचे तंतूसुद्धा तो दाखवतो. कॅमेरा आला, पण लेन्सशिवाय. आणि लेन्स मला एकच परवडणार होती.

नागपूरचा दुकानदार फोनवर म्हणाला, जवळच्या कामाला मॅक्रो घ्या, चेहऱ्यांना पोर्ट्रेट लेन्स घ्या. एकीत दोन्ही नाही का होणार, विचारलं तर म्हणाला, होतं, पण मग रडायचं नाही. इंटरनेटवर वाचत बसले, तर एकाचं दुसऱ्याशी पटेना. शेवटी आमच्याकडचे एक विणकर आजोबा म्हणाले, "तुमसरच्या फोटोवाल्या काकाजीले इचार ना. तो सांगन."

दिवाळी होऊन गेली होती. धानाची कापणी जोरात होती आणि तुमसरच्या राईस मिल दिवसभर धडधडत होत्या. काकाजींचं दुकान मिलच्या मागच्या गल्लीत. मी दार उघडलं तर आतून आवाज आला, "दार लाव पयले. कोंडा येते."

आत काचेचं कपाट, एक टेबल, मोठी खिडकी, आणि टेबलामागे जाड चष्म्याचा, हडकुळा माणूस. शर्टाची सगळी बटणं लावलेली, गळ्यापर्यंत.

"काय काढतं तू?"

"कोशाचं कापड, काकाजी. एकदम जवळून. आन् विणणाऱ्याईचे चेहरे."

"मंग अडलं कुठं?"

"दोन लेन्सा पायजेत म्हनतेत. मले एकच घेता येते."

ते माझ्याकडे बघत राहिले. "कापडाले जवळून पाहतं, तं मानसाले का दुरून पाहतं?"

कपाटातून त्यांनी तीन जुन्या लेन्सा काढल्या आणि एका रिंगच्या मदतीने एकेक करून माझ्या कॅमेऱ्यावर बसवल्या. लेन्सला ते काच म्हणायचे. पहिली ऐंशीची, म्हणजे ऐंशी मिलिमीटरची. मागे नळी जोडली की कापडाजवळ छान जात होती. पण तीच घेऊन चेहरा भरून काढायचा तर माणसाच्या अगदी अंगावर जावं लागे. "मंग नाकाचं भजं होते," ते म्हणाले. दुसरी एकशेदहाची. खास चेहऱ्यांची. डोळे लख्ख, आणि कानापासून मागचं सगळं विरघळल्यासारखं. मला ती फार आवडली. "आवडनच. हे लाड करते. सोयरिकीचा फोटो काढाले हेच पायजे. आता ने कापडाजवळ." नेली, तर नुसतं धुकं. हातभर अंतराच्या आत तिला काही दिसतच नव्हतं.

तिसरी एकशेवीसची मॅक्रो. काळी, जड, कडेचा रंग उडालेला. तिने कापडही दाखवलं आणि सहा फुटांवरून काकाजींचा चेहराही. त्यांच्या हनुवटीवर दाढी करताना राहून गेलेला एक केससुद्धा.

"हे काही लपवत नाई," ते म्हणाले. "जवळच्या कामाले स्टँड लावजो, काचेचं भोक बारीक करजो, आन् श्वास रोकून धरजो. श्वासानं बी कापड हलते."

"पन चेहरे लई कडक नाई दिसत ह्याच्यात?"

"उजेड नरम ठेव ना बाई. काच कायले नरम पायजे?"

मला एवढं साधं उत्तर कुणी दिलं नव्हतं.

मग म्हणाले, बस, तुझाच काढून दाखवतो. मी स्टुलावर बसले. खिडकी माझ्या उजव्या हाताला. डावीकडे हिरव्या ऑइलपेंटची भिंत आणि लाकडी कपाट. त्यांनी कॅमेऱ्यात पाहिलं, मान उजवीकडे वळवली आणि ते वाक्य म्हणाले. मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. वाटलं, आत कोणीतरी बाई आहे.

आणि माझ्या डाव्या गालावर उजेड आला.

उन्हात ठेवलेलं ताट कुणी आपल्याकडे कलतं करावं, तसा. ऊब नव्हती, पण पापणीला कळलं. मी डोळे तिकडे फिरवले. भिंत, कपाट, बस.

"इकडे पाह्य," काकाजी म्हणाले. "तिच्याकडे नोको पाहू. ती लाजते."

त्यानंतर महिनाभर मी त्यांच्याकडे जात राहिले. ती एकशेवीसची ते विकायला तयार नव्हते, वापरायला देत होते. मी काढलेले फोटो घेऊन जायची, ते चष्मा कपाळावर सरकवून स्क्रीनला नाक लावायचे आणि चुका सांगायचे. बोलायला मोकळे होते. बपेऱ्याच्या एका लग्नात नवरीचे मामा प्रत्येक फोटोत येऊन उभे राहात होते, तेव्हा ह्यांनी त्यांना दूर आंब्याखाली उभं केलं, हातात रिकामा कॅमेरा दिला आणि सांगितलं, "मामाजी, तुमी तिकडून काढा, मी इकडून काढतो." मामा तासभर मन लावून फोटो काढत राहिले. डोळे मिटणाऱ्या गिऱ्हाइकाला ते म्हणत, "झोपाले घर हाये ना तुले?" आंबागडच्या एका म्हातारीने विचारलं होतं, फोटो काढल्यानं आयुष्य कमी होते म्हनतेत, खरं का? तर म्हणाले, "माय, मंग माहा पूरा तालुका मी कवाच खाली केलो असतो."

हे हसत हसत सांगितलं. मग उठून त्यांनी बिस्किटाचा एक जुना पत्र्याचा डबा आणला.

डब्यात फोटो होते. डोळ्यांचे. नुसते डोळे, एकेक, हाताच्या पंज्याएवढे मोठे केलेले. बायकांचे, पुरुषांचे, लहान लेकरांचे. मी डबा जरा लांब सरकवला.

"बुबुळात पाह्य."

मी पाहिलं. बुबुळात एका बाजूला खिडकीचा पांढरा चौकोन होता. मधे स्टँडवरचा कॅमेरा आणि वाकलेला माणूस. आणि दुसऱ्या बाजूला, तांदळाच्या कणीएवढ्या डोक्याची, पदर खोचलेली एक बाई. खांद्याच्या उंचीवर दोन्ही हात, हातांत कापड.

"पूऱ्या तालुक्याचे फोटो काढलो मी," ते म्हणाले. "तिचा एक बी नाई. तिचे हात मोकये कवा होते, का तिले समोर बसवू? ती गेली तं भिंतीवर लावाले फोटो नोयता. मंग ह्या काचेनं जुने निगेटिव्ह जवळून काढलो. जेवढे लोक इथं बसले, तेवढ्याईच्या डोयात ती हाये."

मी फोटो डब्यात परत ठेवले.

"आता आयक. ती गेल्यावर बी मी फिल्मवर काढत राहिलो. सालाचे दोन-चार रोल. ते निगेटिव्ह मी जवळून पाह्यलो नाई. पयले हिंमत नोयती, आता डोये नाई. काचबिंदू हाये. एक गेला, दुसरा जाऊन राहिला. तू पाह्य. तुह्या कॅमेऱ्यानं, ह्या काचेनं. आन् मले खरं सांग. मंग काच तुही."

"काय सांगू, काकाजी?"

"ती अजून उभी हाये का नाई."

मी निगेटिव्हची पाकिटं घेऊन बाहेर पडले तर गल्लीच्या तोंडाशी एक बाई माझी वाट पाहत होती. ती त्यांची मुलगी. गोंदियाला शाळेत शिकवते. गेली दोन वर्षं ती वडिलांना आपल्याकडे न्यायला बघत होती आणि ते हलत नव्हते.

"तुमाले निगेटिव्हचे पाकिटं देल्ले ना बाबानं?" तिने विचारलं. "ताई, एक सांगू? म्हना का काहीच नाई दिसत. मागच्या हप्त्यात गॅस चालूच ठेवला त्याईनं. एकटे पडले तं कोन पाह्यन? चला म्हनलं का म्हनतेत, तुही माय इथं काम करून राहिली, मी कसा येऊ?" तिचे डोळे भरून आले होते. "मले बी माय पायजे होती. पन ती नाई ना आता."

बघते म्हटलं आणि बस पकडली.

घरी मागाच्या खोलीत, दुपारच्या वेळी, खालून उजेड देणाऱ्या एका पाटीवर निगेटिव्ह ठेवून, स्क्रीनवर काळ्याचं पांढरं करून, मी एकेक डोळा मोठा करत गेले. पाकिटांवर काकाजींच्या अक्षरात साल लिहिलेलं होतं. त्यांची बायको गेली त्यानंतरचं पहिलं वर्ष: खिडकी, काकाजी, आणि दुसऱ्या बाजूला अंधार. दुसरं वर्ष, तेच. तिसरंही. मला हायसं वाटलं आणि वाईटही. आता मुलीला जे हवं तेच खरं होतं.

चौथ्या वर्षीच्या पहिल्याच फोटोत, एका शेतकऱ्याच्या डाव्या डोळ्यात, पांढरा तुकडा होता. खांद्याच्या उंचीवर, आणि त्याच्या वर एक ताठ सावली.

मी कॅमेरा बंद केला. चहा करून प्यायले. मग पुन्हा पाहिलं. तुकड्याच्या दोन्ही कडांना धरलेली बोटं दिसत नव्हती, पण कापड मधे किंचित झोळ पडल्यासारखं होतं, हातात धरलेलं पडतं तसं. दुसऱ्या दिवशी मी काहीतरी निमित्त काढून दुकानात जाऊन आले. त्या बाजूला पांढरं काहीच नव्हतं. हिरवी भिंत, काळं कपाट. घडी केलेलं कापड खुर्चीवर होतं, पण खुर्ची बसणाऱ्याच्या पाठीमागे. डोळ्यात ती येणं शक्य नव्हतं.

पाचव्या वर्षी ते पांढरं छातीपर्यंत आलं होतं. सहाव्या-सातव्या वर्षी कमरेजवळ. मी घाईने पुढची पाकिटं उघडली. प्रत्येक वर्षी थोडं खाली. आणि त्याच्या वरची सावली, जी आधी ताठ होती, ती वाकत चालली होती.

सगळ्यात शेवटी मी माझा स्वतःचा फोटो उघडला. हा त्यांनी माझ्याच कॅमेऱ्यावर काढलेला. स्वतःच्या डोळ्यात इतकं जवळून कुणी पाहू नये. खिडकी होती. काकाजी होते. कापड गुडघ्यांपर्यंत खाली आलेलं होतं, आणि ते धरणारी बाई जवळजवळ दुमडली होती. जड ओझं खाली ठेवायला कुणी वाकावं आणि ठेवायचीच परवानगी मिळू नये, अशी.

मी दोन दिवस गेले नाही. मुलीचा फोन येऊन गेला. काहीच नाही दिसलं, असं सांगणं किती सोपं होतं. तेही चांगलं काम झालं असतं. पण ज्या माणसाने मला काहीही न लपवणारी काच हातात दिली, त्याच्याशी खोटं बोलायला माझी जीभ वळेना.

तिसऱ्या दिवशी गेले. भर दुपार होती. त्यांनी माझ्या पावलांवरून ओळखलं.

"सांग."

"तीन वर्सं नोयती, काकाजी. मंग आली."

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला मी आनंद म्हणेन. पण मी थांबले नाही. "पन काकाजी, ती थकली हाये. दर सालाले हात खाली येऊन राहिले तिचे."

"कुठवर आले?"

"घुडघ्यापर्यंत. वाकली हाये पूरी."

मिलची धडधड चालू होती. त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला.

"मी बोलावलो तिले," ते म्हणाले. "तीन सालं ती गेलती ना. मीच 'वर घे, वर घे' करून तिले माघारी आनलो. जित्ती होती तवा बी तिचे हात दुखत. सांजच्याले तेल लावे. मले दिसे. मी काही म्हनलो नाई."

ते उठले. भिंतीला हात लावत लावत त्या जागेपाशी गेले आणि पहिल्यांदाच मला त्यांचा आवाज नवऱ्यासारखा वाटला, फोटोवाल्यासारखा नाही.

"ठेव आता, अवं. झालं आपलं काम. बसून जाय."

खोलीतला उजेड एक पायरी उतरला. सूर्यावर ढग यावा तसा. मी दाराशी जाऊन पाहिलं. बाहेर लख्ख ऊन होतं, आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

चार दिवसांनी ते गोंदियाला गेले. लेन्स माझ्या हातात देताना म्हणाले, "कोंड्यापासून सांभाळजो." दुकान रिकामं करताना मुलीने मला विचारलं, तुम्ही काय सांगितलं त्यांना? मी म्हटलं, खरं तेच. ती म्हणाली, "बरं झालं काही नोयतं." मी तिचा समज तसाच राहू दिला.

ती लेन्स मी रोज वापरते. कापडाला तीच, चेहऱ्यांना तीच. पुस्तकाची निम्मी पानं झाली आहेत. मागावरच्या माणसांना मी खिडकीशी बसवते, उजेड नरम ठेवते, आणि फोटो घरी आणल्यावर एका मर्यादेपलीकडे मोठा करत नाही.

उन्हाळ्यात मुलीचा फोन आला. काकाजी गेले. झोपेत, काही त्रास न होता. मला पोचायला तिसरा दिवस उजाडला.

मंडळी पांगली होती. मुलगी मला आतल्या खोलीकडे घेऊन गेली. दाराशी थांबून हळू आवाजात सांगू लागली. दोन्ही डोळे गेल्यावर त्यांनी हट्ट धरून ह्या खोलीची खिडकी काळ्या कापडाने बंद करून घेतली होती. जमिनीवर तीन पराती मांडून घेतल्या होत्या, पाण्याने भरून. फिल्मच्या काळात फोटो असाच अंधारात, तीन भांड्यांत धुवायचे. पहिल्यात कागदावर चित्र उमटतं, दुसऱ्यात ते थांबतं, तिसऱ्यात कायमचं होतं. रोज दुपारी ते दार लावून आत बसायचे आणि रिकाम्या पाण्यात हात घालून काहीतरी धुवायचे.

"मी रोज पानी बदलून देई," ती म्हणाली. "काय धूता बाबा, इचारलं, तं म्हनत, तुह्या मायचा फोटो, उजेड नोको येऊ देऊ. पन शेवटचे आठ दिवस तिसऱ्या परातीले मले हातच नाई लावू देल्ला. गेल्यापासून मी बी दार नाई उघडलं. एकटीनं हिंमत नाई झाली."

तिने दार हातभर उघडलं. आम्ही दोघी उंबऱ्यावर उभ्या राहिलो. आत घुसमटवणारा उकाडा होता. वीज गेलेली, पंखा थांबलेला. मागून येणाऱ्या उजेडाच्या पट्ट्यात पराती दिसल्या. पहिल्या दोन त्या उन्हाळ्याने पार आटवल्या होत्या, तळाला नुसता पांढरा थर. तिसरी काठोकाठ भरलेली होती. आणि कागदावरून औषध फिरावं म्हणून एक कड धरून कुणी परात हळूहळू कलती करावी, तसं तिच्यातलं पाणी ह्या काठाकडून त्या काठाकडे जात होतं, आणि परत येत होतं.

आम्ही किती वेळ पाहत होतो ठाऊक नाही. मग मुलीने आवाज न करता दार ओढून घेतलं, आणि खालच्या फटीतून आत उजेड जाऊ नये म्हणून आपला पदर काढून तिथे दाबून धरला.